खिडकीतली पाचर

मी एक जुना कागद आहे. एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं. माझ्या अंगावर घड्यांच्या इतक्या खुणा आहेत की मला कितीही पसरलं तरी मी सपाट राहत नाही. एका कोपऱ्याला हिरवट बुरशी लागली आहे, आणि जिथे तीन सह्या होत्या तिथे आता निळसर डाग आहेत. मित्रांनो, तुम्ही होडी झालेले कागद पाहिले असतील, पतंग झालेले पाहिले असतील. त्यांचा मला हेवा वाटतो. मी पाचर झालो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उना नावाच्या म्हातारीचं घर आहे. त्या घराच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत, चौकट आणि सरकतं तावदान यांच्यामधल्या फटीत, मी पाच वर्षं कोंबलेला होतो. मला हलता येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं.

माझा जन्म २००९च्या एप्रिलमध्ये बाजारगावच्या वाचनालयातल्या छपाईयंत्रात झाला. मला छापून घेतलं उनाच्या मुलीने, मुरेनने. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. तिच्या पोटाशी झोळीत चार महिन्यांची दर्वला झोपली होती. दर्वलाचा बाप फेर्गल बाहेर आपल्या लाल व्हॅनमध्ये बसून होता. तो सुतार. दारंखिडक्या बसवण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. करायचं होतं, पण 'उद्या' हा शब्द फेर्गलच्या तोंडी कायमचा मुक्कामाला होता. तरी तिघं उनाच्या घरात सुखाने राहत होती आणि त्याबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटत नव्हतं.

माझी गरज का पडली तेही सांगतो. त्या फेब्रुवारीत दर्वलाच्या पोटाशी गाठ आली. मुरेन कामावर होती, म्हणून फेर्गलच तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात धावला. डॉक्टर तयार होते, खाट तयार होती, पण सही करायला तो वाकला तसा नर्सने त्याचा हात थांबवला. जन्मदाखल्यावर बाप म्हणून आपलंच नाव आहे, असं तो म्हणाला. नर्स भली होती. तिने त्याला बाजूला घेऊन समजावलं की दाखल्यावर नाव असणं वेगळं आणि कायद्याने पालक असणं वेगळं. लग्न नसेल तर मूल एकट्या आईचं. बापाला पालक व्हायचं असेल तर दोघांनी शपथेवर एक कागद करायला हवा. मुरेन येईपर्यंत फेर्गल पोरीला छातीशी धरून दोन तास बाकावर बसला होता. हे त्या भागात फारसं कुणाला ठाऊकच नव्हतं. कितीतरी बाप जन्मदाखल्याची घडी खिशात घालून निश्चिंत फिरत होते.

तर तो शपथेचा कागद म्हणजे मी. हे दोघं या मुलीचे आईबाप आहेत, फेर्गलने तिचा पालक व्हावं याला दोघांची संमती आहे, आणि तिने कुठे राहावं, कुणी तिला कधी भेटावं हे दोघांनी आपसांत ठरवलं आहे, एवढंच माझ्यात लिहिलं होतं. मला घेऊन ते डिनी लॅव्हेलच्या दुकानात गेले. डिनी खिळे, दोर, मेंढ्यांची औषधं आणि शवपेट्या विकायचा, आणि लोकांच्या शपथा घेऊन त्यावर सही-शिक्का करण्याचा मान सरकारने त्याला दिला होता. त्याने हात फडक्याला पुसले, चश्मा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचलं. इतक्या गंभीरपणे मला नंतर कुणी वाचलं नाही. मुरेनने सही केली, फेर्गलने केली, मग डिनीने. शेवटी त्याने जांभळा शिक्का मारला. माझी छाती तेव्हा भरून आली होती, ते अजून आठवतं.

"आता नीट ऐका," डिनी म्हणाला. "हा एकुलता एक आहे. याची प्रत माझ्याकडे राहत नाही आणि सरकारकडे जात नाही. कुठल्या कचेरीत याची नोंद होत नाही. हा हरवला तर सही झालीच नव्हती असं समजायचं."

दोघांनी माना डोलावल्या. लग्न केलं असतंत तर एवढी यातायात पडली नसती, असा टोमणा डिनीने मारलाच. "करू की," फेर्गल म्हणाला, आणि पुढचा शब्द कोणता असणार हे तिघांनाही माहीत असल्यामुळे सगळे हसले.

घरी आल्यावर मुरेनने मला टेबलावर लोण्याच्या भांड्याखाली ठेवलं. तिची वृद्धाश्रमातली कामाची पाळी सुरू होत होती, ती निघून गेली. फेर्गलला एका घराची दारं बसवायची होती, तोही गेला. मला फेर्गलने उचलून व्हॅनमध्ये ठेवलं असेल असं मुरेन समजली. मुरेनने मला बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवलं असेल असं फेर्गल समजला. मित्रांनो, दोघांनी एकमेकांना एकदा विचारलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला. त्या खिडकीचं तावदान चौकटीत सैल होतं. वारा आला की खडखड वाजायचं, आणि त्या आवाजाने दर्वला दचकून उठायची. उनाने तिला तीनदा निजवलं आणि ती तीनदा उठली. मग म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. चश्मा तिच्या टाळूवर होता, पण एका हातात रडती पोर होती, तो डोळ्यांवर घ्यायचं तिला सुचलं नाही. तिने लोण्याच्या भांड्याखालून मला ओढलं, चर्चचं काहीतरी पत्रक असेल असं पुटपुटली, एका हाताने माझ्या तीन घड्या घातल्या आणि बोथट सुरीने मला फटीत ठोकून बसवलं. खडखड थांबली. पोर गाढ झोपली.

"बघा, कशी झोपलीय," संध्याकाळी ती दोघांना म्हणाली. "ती घडी कुणी काढू नका बरं."

कौतुक म्हणून माझ्या वाट्याला आलेलं वाक्य ते एवढंच. फेर्गल म्हणाला की खिडकी उद्याच नीट करून टाकतो.

सुरुवातीला मला वाटलं, दोनचार दिवसांची गोष्ट आहे. मग उन्हाळा आला आणि गेला. लाकूड पावसात फुगलं की मला श्वास घ्यायलाही जागा उरायची नाही. उन्हात थोडं सैल व्हायचं, तेवढ्यात उनाने चौकटीला नवा पांढरा रंग काढला आणि माझी एक कड त्या रंगात चिकटून बसली. माझी एक बाजू बाहेर होती. तिथून खाडी, कोंबड्यांचं खुराडं आणि फाटक दिसायचं. दुसरी बाजू आत, टर्फच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या विटा जाळायच्या शेगडीकडे. दर्वला रांगायला लागली, चालायला लागली, खिडकीच्या कट्ट्यावर उभी राहून काचेवर नाक दाबायला लागली. तिचं नाक माझ्यापासून वीतभर अंतरावर असायचं. जिच्यासाठी मी झालो तिला मी असा आहे हे माहीत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटायचं.

फेर्गल मात्र गावोगाव खिडक्या बसवत होता. उना म्हणायची, "सुताराच्या घरची खिडकी वाजणारच, त्याला कोण काय करणार?" मग बांधकामंच बंद पडली. फेर्गल कामासाठी स्कॉटलंडला जायला लागला, आधी आठवडाभर, मग तीन-तीन आठवडे. येतो म्हणायचा त्या दिवशी यायचा नाही. मुरेन दुहेरी पाळ्या करून घरी यायची, तेव्हा नळ गळत असायचा, फाटकाची बिजागरी लोंबत असायची आणि खिडकीत मी असायचो. तिचं आणि त्याचं भांडण कधी मोठ्याने झालं नाही. ते झिजत गेलं. दर्वला साडेतीन वर्षांची असताना मुरेनने त्याचे कपडे दोन पिशव्यांत भरून फाटकाशी ठेवले, आणि तो भावाकडे राहायला गेला.

त्यानंतर रविवार दोन ते पाच अशी वेळ ठरली. ठरली म्हणजे मुरेनने ठरवली. फेर्गल पाहुण्यासारखा मांडीवर टोपी ठेवून त्याच स्वयंपाकघरात बसायचा आणि दर्वलाबरोबर लाकडी ठोकळ्यांची घरं बांधायचा. पाचाला पाच मिनिटं कमी असताना मुरेन कपबशा आवरायला लागायची, म्हणजे त्याने उठायचं. एखाद्या रविवारी दर्वलाला ताप असायचा, एखाद्या रविवारी मुरेनची मनःस्थिती ठीक नसायची. मग दार उघडायचं नाही. तो फाटकाशी उभा राहायचा, कधीकधी तासभर. त्याला वाटायचं की आपण पालक आहोत, आपला कागद आहे, मनात आणलं तर हक्काने आत जाऊ शकतो. पण भांडण वाढवायची त्याला भीती वाटायची. मी त्याच्यासमोरच होतो. फाटकापासून खिडकी बारा पावलांवर होती.

२०१३च्या शरदात वृद्धाश्रम बंद पडला. मुरेनने सगळीकडे अर्ज केले. शेवटी कॅनडातल्या एका रुग्णालयाने तिला बोलावलं. चांगली नोकरी होती, राहायला जागा होती, दर्वलाला शाळा होती. मेमध्ये रुजू व्हायचं होतं. एका रविवारी तिने फेर्गलला हे सांगितलं तेव्हा उना दर्वलाला घेऊन कोंबड्यांकडे गेली होती. फेर्गलने टोपी टेबलावर ठेवली.

"तिला न्यायचं तर पासपोर्ट लागेल," तो म्हणाला. "आणि त्यावर माझी सही लागेल. मी पालक आहे तिचा."

"कागद दाखव."

"तुझ्याकडेच आहे की तो. डब्यात ठेवलास ना?"

"मी कशाला ठेवू? तू व्हॅनमध्ये नेलास."

"मी हातसुद्धा लावला नाही त्याला, मुरेन."

दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचाही दुसऱ्यावर विश्वास बसत नव्हता. मग शोधाशोध सुरू झाली. बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा झाला. फेर्गलने व्हॅनमधल्या फळ्यासुद्धा उचकटल्या, भावाचं घर धुंडाळलं, डिनीच्या विधवेकडे गेला. डिनी दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या वह्यांमध्ये खिळ्यांचा आणि दोराचा हिशेब होता, शपथांबद्दल एक ओळ नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी डोळ्यांनी पाहिला. उनासुद्धा कपाटं उघडून शोधत होती. शोधता शोधता खिडकीपाशी येऊन कट्ट्यावर हात टेकायची, दमून बाहेर बघायची, आणि तिचं बोट माझ्या कडेला लागायचं. मी मनातल्या मनात ओरडायचो. कागदाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

फेर्गल वकीलबाईकडे गेला. कागद नसेल तर कोर्टात अर्ज करून पालक होता येतं, असं तिने सांगितलं. अर्ज केला. तारीख जूनची मिळाली. मुरेनची नोकरी मेमध्ये सुरू होणार होती.

मुरेन वाईट बाई नव्हती, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. ती आईला म्हणाली, "सही मी केली होती, ते मी नाकारत नाही. पण कागदच नाही तर मी काय करू? कायद्याने तो कुणीच नाही. मी वर्षभर इथे बसून राहू? इथे मी काय करायचं ते तरी सांग. त्या कागदानं असूनही माझ्या वाटेत पाचर मारली आणि नसूनही." उनाने चहाची किटली शेगडीवर ठेवली. नात गेली तर घर रिकामं होणार होतं, पण मुलीला थांब म्हणायला तिच्याकडे काही कारण नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी उना दर्वलाला घेऊन चर्चला गेली होती. मुरेन एकटी टेबलाशी बसून कॅनडाचे अर्ज भरत होती. वारा होता. मी जुना होऊन चेपलो होतो, त्यामुळे तावदान पुन्हा वाजायला लागलं होतं. ती वैतागून उठली. घडी आणखी जाड करून बसवावी म्हणून तिने मला रंगातून खरवडून ओढलं, आणि साडेचार वर्षांनी मी बाहेर आलो. तिने मला उलगडलं. आधी काय आहे ते तिला कळलं नाही. मग तिची नजर खाली गेली. तिची स्वतःची सही, शेजारी फेर्गलची, खाली डिनीची, आणि जांभळा शिक्का. सगळं स्वच्छ, कारण उनाने घडी घालताना सह्यांची शाई आतल्या बाजूला आली होती.

मला वाटलं, सुटलो. आता ती मला डब्यात ठेवेल, किंवा फेर्गलला फोन करेल, निदान आईला दाखवेल. ती खुर्चीवर बसली. तिने फेर्गलच्या सहीवरून एकदा अंगठा फिरवला. एकदा शेगडीकडे पाहिलं. मला जाळायचं तिच्या जिवावर आलं असावं. मग ती उठली, माझ्या घड्या उलट्या बाजूने घातल्या, शाई बाहेर, आणि लोण्याच्या सुरीने मला परत फटीत सारलं. आधीपेक्षा खोल.

तोपर्यंत मी हरवलेला होतो. त्या दिवसापासून मी कोंडलेला झालो. हरवलेल्याला कोणीतरी शोधत असतं, म्हणून त्याला आशा असते. कोंडलेल्याला कोंडणारं माणूस समोरच बसून चहा पितं. मी तिच्यावर चिडलो, तिला मनात नाही नाही ते बोललो. आणि तरी मला दिसत होतं की तिने आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीकडे पाठ करून हलवली होती. ती भांडी विसळताना खाली मान घालायची. दर्वला कट्ट्यावर चढली की तिला ओरडून खाली उतरवायची. मला कोंडून तीही मोकळी राहिली नव्हती.

तो हिवाळा फार वाईट गेला. नाताळाच्या आधीपासूनच वादळामागून वादळं आली. खारं पाणी आडवं येऊन खिडकीवर आपटत होतं. माझ्या बाहेरच्या घडीवर शाई होती, ती विरघळायला लागली. आधी फेर्गलची सही गेली, मग मुरेनची. डिनीचा शिक्का पसरून वांग्याच्या रंगाचा डाग झाला. नाताळच्या आदल्या दिवशी फेर्गल दर्वलासाठी लाकडी होडी घेऊन आला होता. मुरेनने दार उघडलं नाही. तो भिजत उभा राहिला आणि शेवटी होडी फाटकाच्या खांबाला बांधून गेला. त्याच वेळी माझ्यावरचं त्याचं नाव ओघळत होतं.

एप्रिल आला. मुरेनने अर्ज छापून आणला. मी या मुलीची एकटी पालक आहे, दुसऱ्या कुणालाही पालकत्व दिलेलं नाही, असं शपथेवर सांगणारा. तो मांडणीवर बशीला टेकून उभा होता. मंगळवारी वकिलाकडे जाऊन त्यावर शपथ घ्यायची होती. त्या आधीच्या शनिवारी उनाने फेर्गलला फोन केला. ती म्हणाली, "पोरा, त्या दोघी जाणार. मग या घरात मी आणि ती खिडकी. पाच वर्षांपूर्वी शब्द दिला होतास, तेवढा तरी पाळ." मुरेनने फोनवरचं ऐकलं. तिचा चेहरा उतरला, पण नको म्हणायला तिला कारण सापडलं नाही.

रविवारी फेर्गल अवजारांची पेटी घेऊन आला. दोन वाजता म्हणजे दोनच वाजता. दर्वला रबरी बूट घालून कोंबड्यांमागे पळत होती. त्याने खिडकीच्या पट्ट्या उचकटल्या, रंग कापला, तावदान उचललं, आणि पटाशीच्या टोकाने मला बाहेर काढलं. मी ओला, काळपट, चिंबलेला गोळा झालो होतो.

"हे काय कोंबलंय इथे?"

"चर्चचं पत्रक असेल," उना म्हणाली. "मीच घातलं होतं, पोर झोपेना म्हणून."

फेर्गलने मला बोटांत धरलं आणि शेगडीकडे वळला. शेगडीचं झाकण उघडंच होतं. आत टर्फ लालबुंद झाला होता. मुरेन मोरीपाशी ताटली हातात घेऊन उभी होती. मित्रांनो, तिला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. मी जळून जाणार होतो आणि तिने काय केलं हे मरेपर्यंत कुणाला कळणार नव्हतं. मंगळवार उजाडणार होता, मग मे. पाच वर्षं मी सुटायची वाट पाहिली होती, आणि सुटका अशी येतेय हे पाहून मी भीतीने आणखीच आक्रसलो.

"टाकू नकोस," ती म्हणाली.

"कुजलाय तो, मुरेन."

"टाकू नकोस. तोच आहे तो."

फेर्गलला कळायला वेळ लागला. मग त्याने मला टेबलावर ठेवलं आणि एखाद्या आजाऱ्याच्या जखमेवरची पट्टी काढावी तशा हळू घड्या सोडवल्या. एका घडीवर मी फाटलो. छापलेली अक्षरं दिसत होती. दर्वलाचं नाव दिसत होतं. खाली फक्त डाग होते.

"सह्या नाहीत," तो म्हणाला. "सह्या गेल्या सगळ्या."

"मी घालवल्या." मुरेनने ताटली खाली ठेवली. "नोव्हेंबरात हा माझ्या हाताला लागला होता. तेव्हा सह्या होत्या. तुझी होती, माझी होती, डिनीची होती. मी वाचला आणि परत खुपसला. शाई बाहेर करून."

"नोव्हेंबरात?" तो म्हणाला. मग फाटकाकडे बघत त्याने विचारलं, "म्हणजे मी होडी घेऊन आलो होतो तेव्हा?"

"हो. तेव्हा माहीत होतं मला."

त्याने हातातली पटाशी टेबलावर ठेवली. मला वाटलं आता तो ओरडेल. उनाच आधी बोलली. "तिला काय बोलायचं ते बोल," ती फेर्गलला म्हणाली. "पण आधी स्वतःला बोल. सगळ्या गावाच्या खिडक्या केल्यास, इथे आलास की उद्या. आणि मी, डोक्यावर चश्मा असून आंधळी. पोरीच्या कागदाची माती तिघांनी मिळून केलीय." मग ती खाली बसली आणि पदराआड रडावं तशी अॅप्रन तोंडाला लावून रडली.

मुरेनने मांडणीवरचा मंगळवारचा अर्ज घेतला आणि शेगडीत टाकला. तो बिचारा कोरा करकरीत होता, त्याने काही पाप केलं नव्हतं. पेट घेताना तो एकदा वर उचलला गेला. मग ती फेर्गलसमोर येऊन बसली.

"उद्या आपण नवा करू," ती म्हणाली. "पण तो होण्याआधीच विचारते, म्हणजे कागदाला भिऊन विचारलं असं व्हायला नको. मी दर्वलाला कॅनडाला नेऊ का?"

तावदान काढलेलं होतं. उघड्या खिडकीतून वारा थेट आत येत होता, आणि दर्वला एका कोंबडीला मोठ्या माणसासारखी दटावत होती तेही ऐकू येत होतं. फेर्गलने जवळजवळ दोन वर्षं वाट पाहिली होती की कुणीतरी त्याला हे विचारावं. मला त्याच्यासाठी इतका आनंद झाला होता की उत्तराचा मी विचारच केला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "मला नाही जमणार ते, मुरेन. आठवड्याच्या तीन तासांवर जगलोय मी. तेवढेही गेले तर काय उरतं?"

"माहीत होतं मला," ती म्हणाली. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि त्यानेही ती काय करणार ते विचारलं नाही. तो उठून खिडकीचं काम करायला लागला.

सोमवारी सकाळी मी शेगडीच्या दांडीवर वाळत होतो, तेव्हा तिने कॅनडाला फोन केला. फार नम्र आवाजात बोलली. दोनदा आभार मानले, एकदा माफी मागितली. फोन ठेवल्यावर ती नव्या खिडकीपाशी गेली. फेर्गलने काम सुरेख केलं होतं, जरासुद्धा फट राहिली नव्हती. ती तिथे उभी राहून खाडीकडे बघत राहिली, आणि मी जितका वेळ पाहू शकलो तितका वेळ हलली नाही. मी सुटलो होतो. माझ्या जागी कोण अडकलं होतं, हे मला त्या घरात सगळ्यांत चांगलं कळत होतं.

त्याच दुपारी नवा कागद झाला. डिनीसारखाच शपथा घेण्याचा मान असलेल्या पोस्टातल्या बाईंनी सह्या घेतल्या. त्याच्या सहा प्रती निघाल्या आणि मूळ कागद वकीलबाईच्या फायलीत गेला. मला फेकू नका असं उनाने सांगितल्यामुळे मी त्याच्या मागे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. आता रविवारची वेळ राहिलेली नाही. आठवड्याचे अर्धे दिवस दर्वला बापाकडे असते. कधीमधी वकीलबाईकडे काही कामाने ती दोघं येतात, तेव्हा मला त्यांचे आवाज ऐकू येतात. मुरेन आता माशांच्या कारखान्यात पेट्या भरते, एवढं मला कळलं आहे.

मित्रांनो, कागद जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. प्रती काढा, डब्यात ठेवा, कुणी कुठे ठेवला ते त्याच दिवशी एकमेकांना विचारा. मला याच्या पुढचं एक सांगायचं आहे. मुरेनच्या एका शब्दाने फेर्गलला त्याची पोर परत मिळाली, आणि फेर्गलच्या एका शब्दाने मुरेन त्या किनाऱ्यावर राहिली. दोन्ही शब्द खरे होते. पण तिने आपला शब्द स्वतःचं सगळं गमावून उच्चारला होता. उद्या तुमच्या हातात असा हक्क आला, तर तो तुम्हाला कुणी दिला ते विसरू नका. वर्षातून एकदा तरी त्या माणसासमोर बसा आणि विचारा, तुझं कसं चाललंय, तुला काय हवं आहे. फेर्गलने अजून विचारलेलं नाही.